चिंचणी ते लंडन, व्हाया वाणगाव

"लंडन किती लांब रे?" आत्यानं विचारलं.

"सात हजार दोनशे किलोमीटर."

"ते नको सांगू. गाड्या किती बदलायच्या?"

चिंचणीत अंतर असंच मोजतात. शेअर रिक्षानं वाणगाव, तिथून डहाणू लोकलनं अंधेरी, पुन्हा रिक्षा आणि मग विमान. म्हणजे चार. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हाच आम्हाला लंडन जवळ आल्यासारखं वाटलं होतं.

आमच्या किनाऱ्यावरच्या सुरूंपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे 90 किलोमीटर. ताशी 900 किलोमीटरनं जाणाऱ्या विमानाला सहा मिनिटं पुरतात. मला चार तास लागले. त्यातला अर्धा तास रिक्षावाला शेवटची सीट भरायची वाट बघत होता. सरासरी वेग ताशी साडेबावीस किलोमीटर. सायकल काढली असती तरी चाललं असतं, पण बॅगा कुठं ठेवणार?

बॅगेत घोलवडचे सुकवलेले चिकू होते आणि एक डाय. दागिन्यांच्या पत्र्यावर नक्षी उठवायचा तो पोलादी ठोकळा आमच्याकडे घराघरांत घडतो. भाच्याला आजोबांच्या हातचा हवा होता. तपासणीच्या यंत्रात तो काळाकुट्ट दिसला.

"ये क्या है?"

"डाय," मी अभिमानानं म्हणालो.

जवान सावध झाला. "कौन डाय?"

तिथून पुढची वीस मिनिटं मी मरणाचा आणि नक्षीचा संबंध नाही हे हिंदीतून पटवत होतो. शेवटी त्यानं ठोकळ्यावरच्या मोरावर बोट फिरवलं आणि विचारलं, "कान का डिझाइन है?" सुटलो.

दुपारी तीनला घर सोडलं होतं, विमान हललं रात्री दोनला. अकरा तास! पुढचा लंडनपर्यंतचा प्रवास दहाच तासांचा. समोरच्या पडद्यावर आमची वाट उत्तरेकडे फुगलेली दिसत होती. हाही सीटा भरत चाललाय की काय? शेजारच्या मुलीनं समजावलं, "काका, नकाशा सपाट, पृथ्वी गोल. वाकडी दिसते तीच जवळची वाट." आमच्या रिक्षावाल्याचंही म्हणणं हेच असतं.

परतताना तास-दीड तास कमी लागला. त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, तो विमानाला मागून ढकलतो. अंधेरीला लोकलमध्ये चढताना हे तत्त्व पुरतं कळलं. तिथे वारा नव्हता, पण मागून ढकलणारे भरपूर होते.

त्याआधी मुंबईत उतरल्या उतरल्या आत्याला फोन केला होता, "पोचलो गं."

"कुठे? वाणगावला?"

"नाही, मुंबईला."

"मग पोचलास कसला? निघ आता!"