जहाजावरचा मार्च एंड

सरकारी पैशाला शेवटची तारीख असते, हे मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात शिकलो. ३१ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत जो रुपया खर्ची पडत नाही, तो व्यपगत होतो. म्हणून ज्या खात्याकडे फेब्रुवारीपर्यंत टाचण्या घ्यायला पैसे नसतात, ते मार्चमध्ये खुर्च्या घेतं, पंखे घेतं, दिवाळीत रंगवलेल्या भिंती पुन्हा रंगवतं. लोक याला उधळपट्टी म्हणतात. आम्ही ‘निधीचा शंभर टक्के विनियोग’ म्हणायचो आणि वर उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचो. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाणार असं मी धरून चाललो होतो. ती अलास्काच्या वाटेवर कामी आली.

आमची लेक सिएटलला असते. तिने आणि जावईबापूंनी आम्हा दोघांना अलास्काच्या क्रूझवर धाडलं. बंदरावर सोडताना ती म्हणाली, “बाबा, तुमच्या केबिनला दोनशे डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट आहे. जहाजावर काय हवं ते घ्या. मजा करा.”

“आणि उरलं तर?” मी सवयीने विचारलं.

“दीडशे एजंटने दिलेत, ते उरले तर बुडतात. पन्नास कंपनीचे आहेत, ते परत मिळतात.”

बायको तिथल्या तिथे म्हणाली, “म्हणजे दीडशे संपवायचे आणि पन्नासांना हात लावायचा नाही.” ही बाई आमच्या खात्यात असती तर मुख्य लेखा व वित्त अधिकारी होऊनच निवृत्त झाली असती.

क्रूझवर न गेलेल्यांसाठी थोडं सांगतो. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळतं. त्याने खोलीचं दार उघडतं, त्यानेच बंदरावर उतरता-चढता येतं आणि त्यानेच खरेदी होते. पाकीट काढावं लागत नाही, नोटा मोजाव्या लागत नाहीत, त्यामुळे पैसे गेल्याचं दुःखही जागच्या जागी होत नाही. ते शेवटच्या रात्री एकदम होतं. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे या खात्यावर तुमच्या नावे आधीच टाकलेली रक्कम. जे घ्याल ते आधी त्यातून वळतं होतं, ते संपलं की तुमच्या क्रेडिट कार्डातून. किनाऱ्यावर मात्र त्याला कोणी विचारत नाही. बंदरावरच्या दुकानात जहाजाचं कार्ड दाखवलंत, तर दुकानदार तुमच्याकडे दयेने बघतो.

हे पैसे देतं कोण? कधी एजंट आपल्या कमिशनमधून देतो, कधी जहाजाची कंपनी गिऱ्हाईक ओढायला देते. शेअर बाळगणाऱ्यांनाही मिळतात. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन बड्या कंपन्या किमान १०० शेअर असलेल्या भागधारकाला आठवड्याच्या सफरीवर १०० डॉलरचं क्रेडिट देत आल्या आहेत; त्यासाठी शेअर असल्याचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो. हे वाचून मला मुंबईचं बिर्ला मातोश्री सभागार आठवलं. तिथल्या वार्षिक सभांना माझे एक काका निव्वळ खोक्यातल्या सामोशासाठी आणि वेफर्ससाठी जायचे. कंपनीचा ताळेबंद त्यांनी कधी वाचला नाही, पण कोणत्या कंपनीने यंदा काजूकतली बंद केली, हे त्यांना पाठ असायचं.

आता मुद्द्याचं. हे क्रेडिट सुखाने संपवायचा एक सोपा मार्ग आहे आणि आमच्या लेकीने तो प्रेमापोटी बंद करून टाकला होता. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर दर माणशी दर दिवशी सोळा ते वीस डॉलर टिप आपोआप खात्यावर पडते. दोघांचे आठवड्याचे अडीचशेच्या आसपास होतात. जाणकार लोक ही टिप आधी भरत नाहीत. रोज ती क्रेडिटमधून कापली जाते, क्रेडिट सत्कारणी लागतं आणि माणूस डेकवर आरामात पडून राहतो. पण “बाबा टिपेवरून तिथे वाद घालतील,” या भीतीने लेकीने ती बुकिंगच्या वेळीच भरून टाकली होती. निधी आला होता आणि खर्चाचं लेखाशीर्षच रद्द झालं होतं.

पहिल्याच दिवशी आमची खोली आवरायला आलेला मुलगा मडगावचा निघाला. गोव्यात बोटीवर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. याचे वडील तारवटी, आजोबाही तारवटी. आम्ही आपसात मराठीत भांडत होतो, ते ऐकून त्याने दारातूनच “काका, टॉवेल बदलू?” असं विचारलं आणि आम्ही दोघंही एकदम सभ्य झालो. क्रेडिटची अडचण त्याला सांगितली, तेव्हा तो हसला. म्हणाला, “काका, सगळ्यांचं हेच असतं. पहिल्या दिवशी कोण हात लावत नाही. शेवटच्या दिवशी दुकानात बघा.”

मी मात्र पद्धतशीर माणूस. त्याच संध्याकाळी वहीत तरतुदीचा तक्ता आखला.

पहिला प्रस्ताव स्पाचा. तिथे पावलांवरचं एक व्याख्यान फुकट होतं. मला एका पाटीवर उभं केलं, पावलांचा ठसा पाहिला आणि एका गोड मुलीने माझे तळवे सपाट असल्याचं, त्यामुळेच गुडघे आणि कंबर दुखत असल्याचं सांगितलं. माझी कंबर दुखत नव्हती. तिने सांगितल्यावर दुखायला लागली. उपाय म्हणून बुटात घालायचे तळ होते आणि त्यांची किंमत आमच्या क्रेडिटपेक्षा तीस-चाळीस डॉलरने जास्त होती. शेजारी मसाजचा दर १६९ डॉलर, वर सेवा शुल्क. आमच्या हाती बुडीत खात्यातले दीडशे. तिथे माझी ट्यूब पेटली. जहाजावर डोळ्यांत भरेल अशा प्रत्येक वस्तूची किंमत तुमच्या क्रेडिटपेक्षा बेताने जास्त असते. ही तर आमची जुनी योजना! अनुदान पूर्ण रकमेचं कधीच नसतं, लाभार्थी हिस्सा भरावाच लागतो. शेतकऱ्याला फवारणी पंप देताना आम्ही हेच करायचो. फक्त आमच्याकडे त्यासाठी गोड मुलगी नव्हती.

चित्रांच्या लिलावाला शॅम्पेन फुकट असते म्हणून गेलो. एका घोटात ती फुकट का आहे ते कळलं.

कॅसिनोची कल्पना जावयाची. त्याने व्हॉट्सॲपवर कळवलं, क्रेडिट मशीनवर चढवायचं, दोन-चार बटणं दाबायची आणि उरलेले रोख काढून घ्यायचे. ही वाट पुष्कळांना आधीच सुचली आहे, म्हणून कंपन्यांनी तिच्यावर काटेही आधीच टाकून ठेवले आहेत. परत न मिळणारं क्रेडिट बहुतेक ठिकाणी जुगाराला चालत नाही. चाललं तर वर आकार लावतात. निधीचं परस्पर रोखीकरण करू पाहणारा जावई आपल्या घरात आहे, हे समजल्याचं मात्र मला फार वाईट वाटलं नाही.

मग बायकोने कॉफीच्या दुकानात ‘चाय लाटे’ मागवला. बुफेत चहा फुकट मिळतो, पण तो खर्चात धरता येत नाही. याचे पाच डॉलर, वर अठरा टक्के, म्हणजे पाच डॉलर नव्वद सेंट. तिने एक घोट घेतला, पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “दालचिनीचा काढा आहे. तुम्हाला सर्दीला बरा.” मला सर्दी नव्हती. पण दीडशेला पहिली कात्री लागली होती, म्हणून मी तो संपवला.

मग जहाज अलास्कातल्या स्कॅगवेला लागलं. वाटसरूंच्या खिशातून पैसे काढायच्या विद्येचं हे गाव म्हणजे उघड्यावरचं संग्रहालय आहे. १८९६ साली कॅनडातल्या क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोनं सापडलं. पुढच्या वर्षी १७ जुलैला पोर्टलंड नावाचं जहाज ते घेऊन सिएटलला लागलं आणि माणसं वेडी होऊन उत्तरेकडे धावली. सुमारे लाखभर निघाले, त्यातले तीस-चाळीस हजार पोहोचले. गावामागच्या खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभराची शिधासामग्री, म्हणजे जवळजवळ एक टन सामान, बरोबर असल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. त्यामुळे सोनं मिळो न मिळो, पीठ, तंबू आणि फावडी विकणाऱ्या सिएटलच्या व्यापाऱ्यांचं भलं झालं. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रेडरिक यांनीही त्या वाटेवर सोनं खणलं नाही. खणायला निघालेल्यांना जेवण आणि मुक्काम विकला. आमचं जहाजही सिएटलहूनच निघालं होतं, हे मी बायकोच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, “मग फावडं घेऊ नका, एवढं बघा.”

स्कॅगवेहून व्हाइट पास खिंडीत एक आगगाडी जाते. १८९८ ते १९०० या काळात बांधलेली, तीन फुटी रुळांची, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. जहाजाच्या काउंटरवर घेतलं तर हिचं तिकीट क्रेडिटमधून मिळतं. खरं तर क्रेडिटचा याहून चांगला उपयोग नाही आणि आजही कोणी विचारलं तर मी हाच सल्ला देईन. पण दोघांच्या तिकिटांत दोनशे संपून वर शंभरएक घालायचे होते. बायकोने राखून ठेवलेल्या पन्नासांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आम्ही गावातून पायी फिरलो. गाडी गेली तेव्हा हात केला. आतल्या लोकांनीही केला.

धुलाईची पिशवी मात्र आमचा विजय. सफरीच्या मध्यावर एक कागदी पिशवी खोलीत येते. तीत मावतील तेवढे छोटे कपडे तीस डॉलरमध्ये धुऊन मिळतात. बेत आखणाऱ्याने ‘मावतील तेवढे’ हे शब्द लिहिताना मराठी बायका डोळ्यांसमोर ठेवलेल्या नसाव्यात. ज्या बाईने दोन बॅगांत चिवडा, मेतकूट, लोणच्याची बरणी आणि अलास्काच्या थंडीचे कपडे बसवून वर कुलूप लावलं होतं, तिच्यासमोर कागदाची पिशवी काय टिकणार? मोजे सुरळीत, बनियन घडीत, फटींत रुमाल. मळलेले कपडे संपले तेव्हा तिने धुतलेलेही घातले. मडगावकराने पिशवी उचलली, खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पुन्हा उचलली.

त्या रात्री मी चौकशी काउंटरवर जाऊन त्याच्या आणि जेवणाच्या टेबलावरच्या वेटरच्या नावे जादा टिप क्रेडिटमधून लिहायची विनंती केली. पन्नासचा आकडा मी मनाशी धरला होता. बायकोने साठ सांगितले. त्या मुलांचे करार महिनोन् महिने चालतात, आणि आम्ही येऊन-जाऊन त्यांच्या जहाजावर आठवडाभर भांडणार होतो.

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठी प्रवासी जहाजं सोडतात. नॅशनल पार्कचे रेंजर होडीतून येऊन जहाजावर चढतात आणि सगळं समजावून सांगतात. मार्जरी हिमनदीचा एक निळा कडा फुटून पाण्यात पडला, त्याचा आवाज मागाहून आला. सगळे अवाक. बायकोने हळूच विचारलं, “याचे लावत नाहीत ना?” लावत नाहीत. फोटोचे लावतात. आधीच्या एका बंदरावर उतरताना जहाजाच्या छायाचित्रकाराने आमच्या मध्ये अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस उभा करून काढलेला फोटो पंचवीस डॉलरला होता. बायको त्यात चांगली आली होती. अस्वलही. घेतला.

असं करत शेवटच्या दिवशी बुडीत खात्यात एकोणतीस डॉलर दहा सेंट उरले, आणि वेळ दुपारपुरतीच होती. कारण असं. १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी निशाणाच्या जहाजाला अमेरिकेतून निघून पुन्हा तिथेच उतारू उतरवायचे, तर मध्ये परदेशी बंदराला लागावं लागतं. म्हणून सिएटलची जहाजं बहुधा शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. आणि जहाज बंदरात असलं की करमुक्त दुकानं बंद ठेवावी लागतात.

दुपारी तीनला दुकानात पाऊल ठेवलं आणि मला घरी आल्यासारखं झालं. हाच तो मार्च एंड! वीतभर, हातभर मोजून विकल्या जाणाऱ्या सोनेरी साखळ्यांवर बायका तुटून पडल्या होत्या. एक आजोबा टूथपेस्टच्या तीन ट्यूब घेऊन सेंटांची बेरीज करत होते. एका माणसाने रिकाम्या डोळ्यांनी अस्वलाच्या चित्राच्या छत्र्या घेतल्या. मी जावयासाठी २४.९९ चा टी-शर्ट घेतला. उरले चार डॉलर अकरा सेंट. चॉकलेट साडेचारचं. एकोणचाळीस सेंट राखीव पन्नासांतून गेले आणि विनियोग शंभर टक्क्यांच्या वर गेला. नोकरीत असतो तर यावर खुलासा मागितला गेला असता.

बाकी ४९ डॉलर ६१ सेंट कधी मिळतील, हे विचारायला मी काउंटरवर गेलो. तिथल्या मुलाने खातं पाहून सांगितलं की ते ज्या कार्डाची नोंद आहे त्यावर जमा होतील. कार्ड जावयाचं होतं. ज्या पन्नासांसाठी आम्ही आगगाडीला हात करून निरोप दिला, ते त्याच्या खात्यात निघाले होते. वर टी-शर्ट.

ही बातमी सांगायला बायकोला शोधत फिरलो. ती कोपऱ्यातल्या, पुढच्या सफरींचं बुकिंग करणाऱ्या टेबलापाशी खुर्ची पुढे ओढून बसली होती. मी तोंड उघडणार, तोच तिने हाताने मला गप्प केलं. समोरची बाई नकाशावर नॉर्वे दाखवत समजावत होती की आजच्या आज अनामत भरली, तर पुढच्या जहाजावर शंभर डॉलरचं क्रेडिट मिळेल.

बायकोने चष्मा सारखा केला आणि विचारलं, “रिफंडेबल, ऑर नॉन-रिफंडेबल?”