गाडी, आगगाडी आणि साडू

परदेशी सहल ठरवताना मराठी कुटुंबात कुठे जायचं यावरून फारसं वाजत नाही. वाजतं ते कसं जायचं यावरून. चिंक्वे तेर्रेला जायचं हे आमच्याकडे पाच मिनिटांत ठरलं. मोंतेरोस्सो, वेर्नात्झा, कॉर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही इटलीच्या लिगुरिया प्रांतातली, समुद्रावरच्या कड्याला चिकटून बसलेली पाच रंगीबेरंगी गावं. फोटो सगळ्यांनीच पाहिले होते. पण गाडी भाड्याने घ्यायची की रेल्वेने हिंडायचं, यावर घरात उभी फूट पडली. गाडीपक्षाचे सर्वेसर्वा होते आमचे साडू.

"आपली गाडी असली की कसं, वाटेल तिथं थांबता येतं," हा त्यांचा मुद्दा. हे पुण्यात राहणाऱ्या माणसाने म्हणावं याचं मला नवल वाटतं. लक्ष्मी रस्त्यावर त्यांना वाटेल तिथं थांबता आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. पण आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ते मोकळे झाले होते, आणि काढलेला परवाना न वापरणं त्यांच्या स्वभावात बसत नाही.

त्यांना मी इतिहास सांगून पाहिला. या किनाऱ्यावरून जाणारी जेनोआ ते ला स्पेत्सिया ही रेल्वे पुरी झाली 1874 मध्ये. कार्ल बेंझने मोटारीचं पेटंट घेतलं 1886 मध्ये. रेल्वे येईपर्यंत ही गावं पायवाटांनी आणि होड्यांनीच बाहेरच्या जगाशी जोडलेली होती. म्हणजे त्यांचं आगगाडीशी लग्न लागून संसार सुरू झाल्यावर मोटार हे स्थळ सांगून आलं. साडू म्हणाले, "इतिहास राहू दे, डिकी केवढी आहे ते बघ."

शेवटी तह झाला. पिसाहून ते गाडीने निघणार, आम्ही रेल्वेने. दुपारी एक वाजता वेर्नात्झाच्या बंदरावर जेवायला भेटायचं.

आम्ही ला स्पेत्सियाला गाडी बदलली. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही. फलाटावरच्या डबीसारख्या यंत्रात ते खुपसायचं, यंत्र खर्रर्र करून त्यावर वेळ उमटवतं, मग डब्यात पाऊल टाकायचं. न छापलेलं तिकीट सापडलं तर दंड. बायकोने एकदा छापलं, शाई पुसट वाटली म्हणून दुसऱ्यांदा खुपसलं. पुढे गाडीतून समुद्र दिसतो म्हणतात तो खरा, पण हप्त्याहप्त्याने. बोगदा, निळी चमक, बोगदा, एक होडी, पुन्हा बोगदा. मोबाईल वर काढेपर्यंत काळोख झालेला असतो. वेर्नात्झाचा तर अर्धा फलाटच बोगद्यात आहे. मागच्या डब्यातून उतरलो तर आजूबाजूला नुसती भिंत. लोक जिकडे उजेड होता तिकडे चालू लागले, म्हणून आम्हीही.

एक वाजता साडूंचा फोन आला. "काय देखावा आहे! तुम्ही बोगद्यातून काय बघणार?" मागून मेव्हणीचा आवाज: "अहो, उजवीकडून चालवा!" गिअर टाकायला गेले की त्यांचा डावा हात दारावर आपटतोय, हेही तिनेच कळवलं.

दीडला दुसरा फोन. "गाव दिसतंय खाली. जागा दिसत नाही." गाड्या गावाच्या वरच थांबवाव्या लागतात, तिथून पायउतार. आणि वरची जागा भरली की भरली. शिवाय इटलीत रस्त्यावरच्या पट्ट्यांचं एक शास्त्र आहे: पांढरी पट्टी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. साडूंना जिथे जागा मिळे तिथे पट्टी पिवळी निघे.

आम्ही जेवून घेतलं. तळलेल्या ताज्या मासळीवर लिंबू पिळत असताना मला वाईट वाटत होतं. पण लिंबू मी पिळलं.

चार वाजता साडू आले. स्टेशनकडून आले. गाडी ला स्पेत्सियाला एका वाहनतळावर लावून ते चक्क रेल्वेने आले होते. मी काही बोललो नाही. बायको म्हणाली, "भाऊजी, तिकीट छापलंत ना?"

रेल्वेचीही बाजू अगदी धुतल्या तांदळाची नाही. उन्हाळ्यात डब्यात लोकल आठवावी इतकी गर्दी. कॉर्निल्याचं स्टेशन खाली समुद्राजवळ आणि गाव वर कड्यावर. मधे जिन्याचे 33 टप्पे, पायऱ्या पावणेचारशेहून जास्त. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून छाती फुगवणाऱ्यांनी इथे येऊन पाहावं. (वर जायला छोटी बस आहे, हे आम्हाला वर गेल्यावर एका आजीबाईंनी सांगितलं.) आणि संप! इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर करून होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. संपालाही वेळापत्रक असणारा देश रेल्वेच्या वेळापत्रकाबद्दल इतका उदार कसा, हे मला उलगडलेलं नाही.

तरी रेल्वेचा त्रास त्या दिवसापुरता असतो. गाडीचा त्रास घरी येतो. इटलीतल्या कित्येक गावांच्या जुन्या भागात खास परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. तिथे पोलीस नसतो, फाटक नसतं. एक पाटी आणि एक कॅमेरा असतो. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना 360 दिवसांची मुदत आहे. साडूंना ती गणपतीत आली. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी साडूंचं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे आधीच वेगळे कापले होते. आरतीला ते थोडे खालच्या पट्टीत गायले.

दक्षिण इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्याची गोष्ट निराळी. तिथे किनाऱ्याने रेल्वेच नाही. ती एका बाजूला सोरेन्तोला आणि दुसऱ्या बाजूला सालेर्नोला थांबते. पण म्हणून गाडी घेऊ नका. तिथला रस्ता इतका अरुंद आणि वळणांचा की हंगामात पर्यटकांच्या गाड्यांना सम-विषम नंबरप्लेटचा नियम लावावा लागला. तिथे बस आहे, उन्हाळ्यात बोट आहे.

तेव्हा किनाऱ्यावर रेल्वे, नाहीतर बोट. गाडी चालवायची हौसच असेल तर ती तोस्कानातल्या द्राक्षमळ्यांतून भागवून घ्या; तिथे आडगावांना रेल्वे पोचत नाही आणि गाडीचा खरोखर उपयोग होतो. बरोबर साडू असतील तर चालवायलाही खुशाल त्यांनाच द्या. फक्त भाडेकरारावर सही त्यांची घ्या.