लिंबातही पाणीच

जालना एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करतात. इंडक्शन भट्टीत 1600 अंशांच्या आसपास लोखंडाचा रस असतो. ओलं भंगार किंवा तोंडबंद डबा पडला, की आतल्या पाण्याची वाफ होऊन रस अंगावर उसळतो. उपाय एकच, भंगार कोरडं आणि निवडून टाकणं. तरी दारात लिंबू-मिरची टांगायचीच. लिंबातही पाणीच असतं, असं म्हणणारा उद्धट! सळईतला कार्बन मात्र कुणी कौल लावून ठरवत नाही; तिथे स्पेक्ट्रोमीटरच लागतो.

भट्टीच्या दारात ही गत, मग पुढाऱ्यांचं काय सांगावं? भावना दुखावतील म्हणून जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं रखडला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांतच वटहुकूम निघाला. तेवढ्यात भावनांना बरं वाटलं असावं.