आधी आरती, मग चाचणी

डिसेंबर 2010 मध्ये जैतापूरच्या अणुभट्ट्यांचा फ्रान्सशी प्राथमिक करार झाला, तेव्हा त्या ‘ईपीआर’ जातीची एकही भट्टी जगात कुठे सुरू झालेली नव्हती. आपल्याकडे मात्र एकदम सहा, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या! प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावच्या लोकांनी शंका काढली, तर त्यांना विकासविरोधी ठरवून साहेबलोक मोकळे.

औषधाचंही तेच. जून 2020 मध्ये ‘सात दिवसांत शंभर टक्के बरे’ अशी गर्जना करत पतंजलीचं कोरोनावरचं आयुर्वेदिक औषध कोरोनिल आलं. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिराती थांबवायला लावल्या. आठ महिन्यांनी पुन्हा सोहळा. मंचावर केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन, स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि शेजारी आपले गडकरी. कानांनी काय ऐकलं, देव जाणे.

माडबनकरांनी उगाच भूकंप, मासळी असलं काढलं. भट्टी आयुर्वेदिक आहे का, एवढंच विचारायचं होतं.