टेम्पोच्या खेपेवर फुललेली बाग

शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गृहसंकुलाचा जमाखर्च उघडावा. ‘बाग’ या शीर्षकाखाली दोन नोंदी एकमेकींच्या शेजारी सुखानं नांदताना दिसतात. पहिली, बागेतला कचरा उचलून नेणे, टेम्पोच्या खेपा अमुक. दुसरी, सेंद्रिय खत पुरवणे, गोणी तमुक. पहिल्या नोंदीचे पैसे झाडांनी गाळलेली पानं फाटकाबाहेर काढण्याचे. दुसरीचे, तीच झाडं जगावीत म्हणून दुसरीकडे कुठेतरी कुजलेली पानं फाटकातून आत आणण्याचे. दोन्ही बिलं बहुधा एकाच कंत्राटदाराची असतात, दोन्हींवर खजिनदारांची सही असते आणि लेखापरीक्षकांना त्यात तिळमात्र वावगं सापडत नाही. हिशेब चोखच असतो. या सदराचं म्हणणं एवढंच की, लँडस्केपिंगच्या धंद्यात कचरा हा काम करताना चुकून सांडणारा पदार्थ नाही, तोच मुख्य माल आहे. जोवर पाचोळा बाहेर नेण्याला दर आहे आणि जागच्या जागी ठेवण्याला नाही, तोवर हिरव्या-निळ्या बादल्या, वसुंधरा दिनाच्या शपथा आणि लिफ्टशेजारचे फलक यांचा उपयोग लिफ्टची भिंत झाकण्यापलीकडे होणार नाही.

लॉनचंच घ्या. आधी ते वाढावं म्हणून खत द्यायचं, टँकर मागवून पाणी पाजायचं, आणि वाढलं रे वाढलं की ‘फार वाढलं’ म्हणून कापून फेकायचं. ताज्या कापलेल्या गवतात पाचातले सुमारे चार भाग निव्वळ पाणी असतं. म्हणजे संकुलानं विकत घेतलेलं पाणी गवत आपल्या पात्यांत भरून ठेवतं आणि कंत्राटदार ते मोजून गावाबाहेर नेतो. पाण्याची इतकी महागडी निर्यात या दुष्काळी मुलखात साखरेनंतर बागकामालाच साधली असावी. उरलेल्या सुक्या भागात साधारण चार टक्के नत्र असतं. बारीक कापलेलं गवत लॉनवरच पसरू दिलं, तर वर्षभराच्या नत्राची सुमारे चौथाई गरज त्यातून भागते, असं गवताचा अभ्यास करणारी कृषी विद्यापीठं परदेशात कित्येक वर्षं सांगत आली आहेत. आमचा कंत्राटदार हे जाणत नाही असं मानणं म्हणजे त्याच्या धंदेवाईक बुद्धीचा अपमान आहे. त्याला ते पुरतं ठाऊक असतं. पण ही चौथाई गवतावर सोडून दिली, तर युरियाची गोणी विकायची कोणाला?

हे ज्ञान नवं असतं, तर अज्ञानाचा फायदा कंत्राटदाराला आणि सोसायटीला देता आला असता. पण इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री या संस्थेत सर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, साधारण तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. 1931 साली दोघांनी मिळून त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली आणि सेंद्रिय शेतीवाले अजून तिचं नाव घेतात. म्हणजे होळकरांच्या राज्यात, एका वाडांच्या हातभारानं, हा प्रश्न नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी सुटलेला आहे. पुढे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळ्यातून माती घडवण्याची गोष्ट घरोघरी मराठीतून सांगितली. इतकं सगळं होऊन आपण काय मिळवलं? त्या तत्त्वावरच्या खताची गोणी, वर हिरव्या पानाचं चित्र, आणि जीएसटीसकट बिल.

कायदाही या बाबतीत अडाणी नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनीच सांगून ठेवलं होतं की बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा साठवावा. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात तो टाकू नये, जाळू नये, पुरू नये. दिवसाला सरासरी शंभर किलोंहून जास्त कचरा करणारा ‘मोठा उत्पादक’ ठरला. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर दंड लावला, साध्या जाळण्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार. नियम स्वच्छ आहे, दंड स्वच्छ आहे. डिसेंबरच्या पहाटे संकुलाच्या मागच्या भिंतीलगत जे धुमसत असतं, त्याला मात्र आपण शेकोटी म्हणतो आणि शेकोटीला दंड नाही. जो पाचोळा शेकोटीच्या पदाला पोचत नाही, तो टेम्पोतून शहराच्या कचराडेपोत जातो, तिथे ओल्या-सुक्याखाली दबून हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. मुंबईचं देवनार 1927 पासून हे सगळं गिळत आलं आहे. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. त्या धुरात बागेतल्या पानांचा वाटा किती होता हे कोणी मोजलेलं नाही; पण ज्या झाडांचं कौतुक आपण ‘शहराची फुप्फुसं’ म्हणून करतो, त्यांची पानं तिथे पाठवण्यात कोणालाही काही खटकलं नव्हतं, एवढं नक्की.

बाहेर काय जातं ते पाहिलं. आत काय येतं तेही पाहण्यासारखं आहे. कोकोपीट येतं, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा. दाबून केलेल्या पाच-पाच किलोंच्या विटा, पुष्कळदा थेट तमिळनाडू-केरळातून. त्याच वेळी संकुलाच्या फाटकाबाहेर शहाळेवाल्याच्या गाडीमागे सालपटांचा ढीग साचलेला असतो आणि तो उचलायला महापालिकेची गाडी येत असते. लाल माती येते. ती कुठल्या डोंगराची, हे विचारण्याची पद्धत नाही. आणि मोसमी रोपं येतात, प्रत्येक रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. लावणीच्या दिवशी ब्लेडनं पिशवी फाडायची की झालं. चिखलानं माखलेलं ते पातळ प्लास्टिक भंगारवालाही हातात धरत नाही. मुळांना न दुखवता पिशवी सरकवून काढता येते, धुऊन नर्सरीला परत देता येते, टणक कुंड्या तर वर्षानुवर्षं फिरवता येतात. पण तशी फिरवाफिरव करायची तर झेंडू-पिटुनिया तीन महिन्यांनी उपटून नवे लावण्याच्या मूळ योजनेलाच धक्का बसतो. झाड जगलं तर पुढच्या हंगामाची ऑर्डर जाते. या धंद्यात चिरंजीव झाडासारखा नुकसानीचा माल दुसरा नाही.

यावर सभासदांचे आक्षेप ठरलेले आहेत, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. पहिला वासाचा. ओलं गवत नुसतंच ढिगानं टाकलं तर त्याला घाण वास सुटतो, हे खरं. पण कारण साधं आहे. गवतात नत्र जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब हवा असतो; गवतात तो वीसच्या आसपास असतो, वाळक्या पानांत चाळीस ते ऐंशी. म्हणजे निसर्गानं दोन्ही वस्तू एकाच आवारात, एकमेकींची उणीव भरून काढायला दिल्या आहेत. आपण गवत सोमवारी पाठवतो, पानं गुरुवारी. दुसरा आक्षेप सापाचा. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर ढिगात पाचोळ्यासाठी येत नाहीत. चोरून टाकलेल्या शिळ्या पोळ्यांसाठी येतात. तिसरा आक्षेप जागेचा आणि भाराचा. तो मात्र मान्य करायला हवा. अलीकडची बरीचशी बाग पार्किंगच्या छतावर असते. तिथे मातीचा थर जेमतेम, ओल्या ढिगाचं वजन स्लॅबला झेपेलच असं नाही, आणि पावसाळ्यात पाचोळ्यानं जाळ्या तुंबल्या की बाग गाड्यांवर ठिबकते. नारळ-पामच्या झावळ्या लवकर कुजत नाहीत, जाडजूड फांद्याही नाहीत. त्यांना चिपा करणारं यंत्र नाहीतर दाबून पांढरा कोळसा बनवणारा कारखानाच हवा. रोगट छाटणीही ढिगात घालू नये. या सगळ्यापुरती टेम्पोची खेप बिनतक्रार द्यावी. पण खेप अपवादाला असावी, माळीकाकांच्या रोजच्या झाडलोटीला नव्हे.

खरा आक्षेप चौथा आहे आणि तो सभेत कोणी बोलत नाही: झाडाखाली पानं पडलेली बरी दिसत नाहीत. ज्यांना वीकएंडला ताम्हिणीच्या जंगलात पानांच्या सड्यावरून चालताना ‘निसर्गाच्या कुशीत’ वाटतं, त्यांनाच आपल्या इमारतीखाली तोच सडा दिसला की व्यवस्थापक कामचुकार वाटतो. म्हणून खराट्यानं माती उघडी पाडायची, मग ती तापून भेगाळली की वर विकतचं आच्छादन पसरायचं. आच्छादन म्हणजे काय? वाळकी पानं आणि लाकडाच्या चिपा. फक्त त्यांचं बिल असतं, म्हणून त्या शोभतात.

या कोंडीवर उपाय म्हणून सध्या दोन गोष्टी फार चालतात. एक, कंपोस्टचं यंत्र. थाटात उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो पालिकेकडे जातो. मग वीजबिल दिसतं आणि यंत्राच्या झाकणावर कुंड्या ठेवायची सोय होते. यंत्र वाईट नसतं. ते चालवण्याचे पैसे कोणाच्याच कंत्राटात नसतात. दुसरा उपाय अधिक निर्दोष आहे, प्लास्टिकचं गवत. त्याला पाणी नको, खत नको, कापणी नको, आणि कापणीच नाही तर कचराही नाही. आठ-दहा वर्षांनी ते उन्हानं जीर्ण झालं की एकदमच सगळा गालिचा गुंडाळून टेम्पोत टाकायचा. कचरा कमी करण्याची ही पद्धत हप्त्यांऐवजी एकरकमी कर्ज फेडण्यासारखी आहे, फक्त फेडणारी समिती पुढची असते.

तेव्हा मागणी छोटी आहे आणि ती कंत्राटदाराच्या पर्यावरणप्रेमावर अवलंबून नाही. बागेचं कंत्राट खेपांवर देऊ नये, वर्षाच्या ठरीव रकमेवर द्यावं. सुरक्षारक्षकाच्या वहीत आत येणाऱ्या पाहुण्यांची नावं, वेळ आणि गाडी नंबर लिहून घेतातच; तसंच बागेतून बाहेर जाणारं आणि बागेत आत येणारं वजन लिहावं. बाहेर गेलेल्या प्रत्येक गोणीमागे रक्कम थोडी कापावी, आत आलेल्या खताच्या गोणीमागेही कापावी. मग बघा, इंदूर पद्धत आठवडाभरात सगळ्यांना आठवते. माळीकाकांची रोजी बुडेल, ही भीती खोटी आहे. ढीग उलथायला, चिपा करायला, रोपांच्या पिशव्या जपून काढायला हात जास्त लागतात. कमी लागतो तो डिझेलचा खर्च. कंत्राटदार ठरीव रक्कम वाढवून मागेल, हे मात्र खरं होईल. मागू द्यावी. दोन बिलांची बेरीज करून मग घासाघीस करावी. ती बेरीज आजवर कोणी केलेली नसते.

राहता राहिली शेवटची शंका, आणि ती सर्वांत व्यवहारी आहे. बाहेर नेण्याचे पैसे बंद झाले तर हा माणूस रात्री पाचोळा कुंपणापलीकडे शेजारच्या सोसायटीच्या आवारात लोटून देईल. देईलही. पण शेजारच्या सोसायटीच्या बागेचं कंत्राट पुष्कळदा त्याच्याचकडे असतं.