गिरणीचं धुराडं तेवढं हाय

शिराळ्यात आमच्या आणि शेजारच्या वैनींच्या परसात मेंदीचं कुंपण आहे. त्यावर धुणं वाळतं, आणि धुण्याआडून गावातली माणसं सोलली जातात. काल मात्र गिऱ्हाईक मुंबईचं निघालं.

"कवा आलासा वैनी?" आमच्या आक्कांनी हाक दिली. "मोठ्या मॉलात जाऊन आलासा म्हणं!"

"मॉल कसला वो, आमची गिरणी ती! लोअर परळची फिनिक्स. ह्यांनी सोळा वर्सं साचा चालवला तितं."

"अगंबाई! तिचाच मॉल केला?"

"तर! 1905 सालची गिरणी. नात म्हणती, आज्जी, हितं मोठी लोकं येत्यात. म्हटलं, तुझा आजा कवाच आल्ता, बनेलवर."

आक्का खुसखुसल्या. "तुमच्या लग्नात सगळी आळी जळत हुती. गिरणीवाला नवरा, म्हैन्याची मनीऑर्डर! नागपंचमीला ही मुंबईकर आली की गॉगल काय, ट्रान्झिस्टर काय!"

"आन तकडं एका गाळ्यात वीस गडी. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. ते कुणाला दिसलं?"

"मग संप लागला."

"18 जानेवारी 1982. डॉक्टर सामंतांच्या मागनं अडीच लाख गडी भाईर. धाकट्या दिराची ठरलेली सोयरीक मोडली. गिरणीवाला म्हटलं की पोरगी द्याय कचरायचं लोक."

"सासूबाई म्हणायच्या, आज न्हाई उद्या भोंगा वाजंल."

"वाजतोय कुटला! पर संप तरी कुणी मागं घेतलाय? म्हंजे ह्यांचा अजून खाडा न्हाई बघा."

हे मात्र खरं. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही.

"आत काय बघितलंसा?"

"फाटकावरच झडती. हे म्हणत्यात, तवा भाईर पडताना घ्यायचे, आता आत शिरताना. आत नुसती काचंची दुकानं, गारेगार हवा. साचाखात्यात सूत तुटू नये म्हणून दमट ठेवायचे, जीव उबून जायचा. श्वासागणिक कापूस. आता धुराडं तेवढं ठिवलंय, शोभंला."

"भाऊजी काय बोललं?"

"राखणदाराला इचारलं, साचाखातं कुटं हुतं? त्यो म्हणतो, 'बाबा, कौनसा ब्रँड?'"

आक्का इतक्या हसल्या की धुण्यातला टॉवेल माझ्या अंगावर आला.

"मग?"

"मग काय. बसलं कट्ट्यावर, धुराड्याकडं बघत. नातीनं फोटू काढला. धुराडं सगळं आलंय, ह्यांचं डोस्कं तेवढं कापलंय."