एफ-वन दाबा आणि पुढे चला

माळ्यावरचा पेन्टियम थ्री भंगारात द्यायचा, असं आमच्या आंबिवलीच्या घरात एकमतानं ठरलं होतं. एकमतात माझं मत धरायची पद्धत नाही. "लिनक्स कशावरही चालतं," अशी घोषणा करून मी ते धूड हॉलमध्ये मांडलं.

पहिली सीडी घातली. हे कर्नल ६४ बिटांचं, मी ३२ चा, असं मशीननं नम्रपणे कळवलं. इतका समंजस नकार मला फक्त लग्न जुळवताना मिळाला होता. मग ३२ बिटांची सीडी. पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचं या बायोसला ठाऊकच नव्हतं. तशी लिनक्सलाही जुन्याची फार माया नाही. टॉरवाल्ड्सनं १९९१ साली ज्या ३८६ वर ते लिहिलं, त्या ३८६ चाच आधार २०१३ साली ३.८ च्या कर्नलमधून गेला. हे हिला सांगितलं नाही. आयताच दाखला मिळाला असता.

मग एक लांब, दोन आखूड अशा शिट्ट्या आल्या. "मालगाडी असेल," ही म्हणाली. डिस्प्ले कार्ड काढून त्याच्या पट्टीवर खोडरबर घासला आणि लिनक्स चढलं! शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर 'एफ-वन दाबा'. दाबलं. तारीख १ जानेवारी २००१. डिस्क शेवटची वापरली गेली ती भविष्यात, हे लिनक्सला पटेना, म्हणून ते डिस्क इंच इंच तपासायला बसलं. निम्म्यात लाईट गेली. आली तेव्हा पुन्हा १ जानेवारी, पुन्हा तपासणी. मी शेजारच्या मुलाला सुपरब्लॉकवर व्याख्यान दिलं, केबल बदलली, जम्पर मास्टरवरून स्लेव्हवर नेला. त्यानंतर मशीनला डिस्क दिसेनाशीच झाली. जम्पर गुपचूप जागेवर आणला.

चहा ठेवायला आलेली ही उघड्या मदरबोर्डकडे बघून म्हणाली, "आपल्या वजनकाट्यात असतो तसलाच सेल आहे हो हा. कधी बदललाय?"

चपटा, गोल, २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसचं सेटिंग सांभाळणं एवढंच त्याचं काम, आणि तो कधीच गेलेला. दुकानं बंद होती. वजनकाट्यातला काढून बसवला.

आता पेन्टियम रोज सुरळीत सुरू होतो, आंघोळ उरकेपर्यंत. वजनकाटा मात्र बंद पडलाय. नवा सेल आणायचं मला नेमकं विसरायला होतं.